मध्येच थांबवण्याचा अधिकार

अनेक कामे एकत्र चालवणाऱ्या संगणकीय प्रोग्राममध्ये प्रत्येक कामाच्या स्वतंत्र प्रवाहाला थ्रेड म्हणतात. प्रोसेसर मोजके असतात आणि थ्रेड हजारो असू शकतात, म्हणून चालू थ्रेडकडून ताबा काढून तो दुसऱ्याकडे द्यावा लागतो. चालू थ्रेडला न विचारता असा ताबा काढून घेणे म्हणजे प्रीएम्प्शन. ही बाब सहसा तांत्रिक समजली जाते, पण तिच्या तळाशी तीन जुने तात्त्विक प्रश्न आहेत. जे एकाच वेळी घडताना दिसते ते खरोखर एकाच वेळी घडते का? चालू असलेले काम कोणी, कोणत्या अधिकाराने आणि नेमके कोठे थांबवावे? आणि अर्ध्यावर थांबलेल्या कामाचे पुढे काय होते? भारतीय दर्शनांनी आणि धर्मशास्त्राने हे प्रश्न मन, यज्ञ आणि साधना यांच्या संदर्भात फार पूर्वी विचारले आहेत. फंक्शनल प्रोग्रामिंगमध्ये ते विशेष स्वच्छ रूपात पुढे येतात, कारण तेथे निव्वळ गणन एका बाजूला आणि जगात बदल घडवणारी कृती दुसऱ्या बाजूला अशी वाटणी आधीच केलेली असते.

एकाच वेळी असण्याचा भास

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत नेटके उत्तर न्यायदर्शनात सापडते. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांनुसार मन हे अणुपरिमाण आहे. एका क्षणी ते एकाच इंद्रियाशी जोडले जाते, म्हणून एका क्षणी एकच ज्ञान उत्पन्न होते. डोळा, कान, त्वचा ही सारी इंद्रिये आपापल्या विषयांना भिडलेली असूनही सगळी ज्ञाने एकदम होत नाहीत, यावरूनच मन नावाचे वेगळे साधन मानावे लागते, असा नैयायिकांचा युक्तिवाद आहे.

यावरचा आक्षेप भाष्यकार वात्स्यायनाने मोठ्या प्रामाणिकपणे मांडला आहे. एक अध्यापक रानातल्या वाटेने चालला आहे. तो पाठ म्हणतो आहे, हातात कमंडलू धरून आहे, वाट पाहतो आहे, रानातले आवाज ऐकतो आहे, श्वापदांच्या भीतीने त्यांच्या खुणा शोधतो आहे आणि जायचे ठिकाणही त्याच्या स्मरणात आहे. एवढ्या क्रिया एका वेळी चाललेल्या दिसतात, मग मन एका क्षणी एकाच ठिकाणी असते हे कसे मानावे? सूत्रकाराचे उत्तर कोलिताच्या दृष्टान्ताने दिलेले आहे. पेटते कोलीत वेगाने फिरवले की अखंड वर्तुळ दिसते. ठिणगी एका वेळी एकाच जागी असते, पण वेगामुळे क्रम लक्षात येत नाही. अध्यापकाच्या मनाचेही तसेच. ते पाठावरून वाटेवर, वाटेवरून आवाजावर जाते, आणि हा क्रम इतका जलद असतो की सारे एकदम घडल्यासारखे वाटते.

एकाच प्रोसेसरवर शेकडो थ्रेड चालवणाऱ्या प्रणालीची रचना याच तत्त्वावर उभी आहे. प्रत्येक थ्रेडला काही मिलिसेकंदांची पाळी मिळते आणि पाहणाऱ्याला सर्व कामे सोबत चाललेली दिसतात. सांख्यांनी मात्र नैयायिकांचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारले नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेनुसार बुद्धी, अहंकार, मन आणि इंद्रिय यांचे व्यापार क्रमानेही होतात आणि एकदमही होऊ शकतात. वाचस्पतिमिश्राने याचे उदाहरण असे दिले आहे : दाट अंधारात वीज चमकते, अगदी समोर वाघ दिसतो आणि माणूस त्याच क्षणी मागे उडी घेतो. पाहणे, विचार, निश्चय असा क्रम तेथे जाणवत नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर नैयायिकांचे चित्र एका प्रोसेसरचे आहे आणि सांख्यांचे अनेक प्रोसेसरांचे. या दोन चित्रांतील फरक पुढच्या सर्व प्रश्नांना लागू पडतो, कारण खरोखर एकाच वेळी चालणारी कामे थांबवणे हे पाळीपाळीने चालणारी कामे थांबवण्यापेक्षा अवघड असते.

स्वतःहून सोडणे आणि सोडायला लावणे

मन एका विषयावरून दुसऱ्यावर जाते ते कशामुळे? झोपलेल्या आणि एखाद्या गोष्टीत गढलेल्या माणसाचे उदाहरण घेऊन वात्स्यायन दोन प्रकार वेगळे करतो. पहिला प्रकार संकल्पाचा. अमुक वेळी उठायचे असे ठरवून झोपलेला माणूस त्या संकल्पाने जागा होतो. गढलेला माणूस दुसरे काही जाणण्याच्या इच्छेने आपणहून लक्ष तिकडे वळवतो. दुसरा प्रकार बाह्य बळाचा. मोठा आवाज होतो किंवा तीव्र स्पर्श होतो, आणि इच्छा नसताना झोप मोडते, लक्ष ओढले जाते. मग तेथे मनाला हलवणारे कोण? भाष्यकाराच्या मते इच्छा आणि प्रयत्न नसतील तेथे आत्म्याचा अदृष्ट, म्हणजे पूर्वकर्मांतून आलेला न दिसणारा, गुण मनाला गती देतो.

संगणकशास्त्रातही हेच दोन मार्ग आहेत. सहकारी पद्धतीत थ्रेड आपल्या सोयीच्या जागी स्वतः ताबा सोडतो. प्रीएम्प्टिव्ह पद्धतीत बाहेरचे घड्याळ ठरावीक अंतराने टोल देते आणि पाळ्या वाटणारा शेड्युलर ताबा काढून घेतो. सहकारी पद्धत सुसंस्कृत वाटते, कारण तीत कोणाचे काम अडनिड्या जागी तुटत नाही. पण ती प्रत्येकाच्या सौजन्यावर विसंबते. एका थ्रेडने ताबा सोडलाच नाही तर बाकी सगळे ताटकळत राहतात, आणि तो दुष्टपणे वागला असेल असेही नाही. कदाचित त्याचे गणित फक्त लांबलचक असेल. प्रीएम्प्टिव्ह पद्धतीत कोणीही सगळ्यांना ओलीस धरू शकत नाही, पण थांबण्याची जागा घड्याळ ठरवते, आणि ती जागा काम करणाऱ्याच्या दृष्टीने चुकीची असू शकते. इंटरप्ट, म्हणजे असा बाहेरून येणारा व्यत्यय, हाताळण्याची ही अडचण संगणकाच्या आरंभकाळापासूनची आहे. एड्सखर डाइक्स्ट्रा यांचा 1959 मधील डॉक्टरेटचा प्रबंधही एक्स-1 या डच संगणकाशी होणाऱ्या संवादाच्या याच प्रश्नाभोवती होता.

पिंप्राळ्याचा रथ आणि मोगरी

थांबवण्याचा अधिकार आणि थांबवण्याची जागा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे खानदेशातल्या रथोत्सवांत डोळ्यांनी पाहता येते. जळगावात श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो. 1872 पासून ती परंपरा चालत आली आहे. पूर्वी वेगळे गाव असलेल्या आणि आता जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ आषाढी एकादशीला निघतो. हे रथ लाकडी आणि अवजड असतात. भाविक दोर धरून ते ओढतात. ओढणाऱ्यांचे तोंड पुढे असते, त्यांना चाक दिसत नाही. गर्दीचा जोर एकदा लागला की तो दोरावरच्या कोणा एकाच्या इच्छेने थांबत नाही.

म्हणून रथ आवरण्याचे काम दोराकडे नसून चाकाकडे असते. चाकालगत मोगरी घेतलेले जाणते लोक चालतात. मोगरी म्हणजे चाकाखाली द्यायची लाकडी पाचर. रथ थांबवायचा, त्याचा वेग आवरायचा किंवा त्याला वळण द्यायचे, तर ती योग्य चाकाला, योग्य क्षणी लावावी लागते. ओढणाऱ्यांची संमती तेथे विचारली जात नाही, म्हणजे अधिकार बाहेरचा आहे. पण मोगरीवाला कोठेही, केव्हाही पाचर सरकवत नाही. उतार, वळण, चाकाची स्थिती आणि माणसांचे पाय पाहूनच तो ती लावतो. घाईने लावलेली मोगरी रथाला हिसका देते, उशिरा लावलेली निरुपयोगी ठरते. त्याच्या अधिकाराला जो मान आहे तो या जाणतेपणामुळे.

प्रीएम्प्शनच्या तात्त्विक प्रश्नाचा गाभा येथेच आहे. ताबा काढून घेण्याचा अधिकार बाहेर असला पाहिजे, कारण ओढणारा स्वतःला आवरू शकत नाही. पण तो अधिकार सांध्यावरच चालवला पाहिजे, म्हणजे जेथे थांबल्याने काही मोडत नाही तेथेच. संगणकशास्त्रात अशा जागांना सुरक्षित बिंदू म्हणतात.

जेथे थांबल्याने काहीच बिघडत नाही

फंक्शनल प्रोग्रामिंगचा मोठा दिलासा हा की शुद्ध गणनात सगळाच मार्ग सुरक्षित असतो. अलोन्झो चर्च यांनी 1930 च्या दशकात लॅम्डा कलन मांडले. 1936 मध्ये चर्च आणि जे. बी. रॉसर यांनी सिद्ध केले की या कलनात एखाद्या राशीची पायरीपायरीने सोडवणूक कोणत्याही क्रमाने केली तरी अंतिम उत्तर, ते मिळत असेल तर, एकच असते. शुद्ध फंक्शन जगातले काही बदलत नाही आणि बदलत्या जगातले काही वाचत नाही. त्यामुळे ते आज सोडवले काय आणि उद्या सोडवले काय, सलग सोडवले काय आणि शंभर ठिकाणी थांबवून सोडवले काय, उत्तर तेच.

कर्माच्या तत्त्वज्ञानाशी याचा संबंध खोल आहे. सांख्यांनी पुरुष आणि प्रकृती वेगळे करताना बदल, क्रम आणि क्रिया हे सारे प्रकृतीकडे दिले आणि पुरुषाला साक्षी ठेवले. साक्षीला खंड पडत नाही, कारण तो काही करत नाही. फंक्शनल भाषांनी अशीच रेघ आखली. हॅस्केल या भाषेत, जिचा पहिला अहवाल 1990 मध्ये प्रसिद्ध झाला, फाइल लिहिणे, संदेश पाठवणे, सामाईक मेमरी बदलणे अशा कृतींना वेगळा प्रकार दिलेला आहे. शुद्ध भाग आणि कृतीचा भाग कोठे आहे हे प्रोग्रामच्या मजकुरातच दिसते, म्हणून थांबण्याचे भय कोठे बाळगायचे हेही दिसते.

हे साम्य येथेच थांबते. पुरुषाला काळ लागतच नाही, शुद्ध फंक्शनला लागतो. उत्तर क्रमावर अवलंबून नसले तरी उत्तर काढण्याला प्रोसेसर, मेमरी आणि वेळ लागते, आणि या तिन्ही गोष्टी सर्व थ्रेडच्या सामाईक असतात. अर्थाच्या पातळीवर निर्दोष असलेले गणन सहजीवनाच्या पातळीवर दोषी ठरू शकते.

काहीच न मागणारा थ्रेड

या दोषाचे सर्वांत बोलके उदाहरण हॅस्केलच्या जीएचसी या प्रमुख कंपायलरमध्ये आहे. 1996 मध्ये सायमन पेटन जोन्स, अँड्र्यू गॉर्डन आणि सिग्बियॉर्न फिन यांनी हॅस्केलमध्ये समवर्ती थ्रेडची रचना मांडली. जीएचसीमध्ये थ्रेडची पाळी नेहमीच्या मांडणीत 20 मिलिसेकंदांची असते. पाळी संपली की घड्याळ थ्रेडला थेट पकडत नाही. ते फक्त मेमरीच्या मर्यादेची खूण बदलून ठेवते. थ्रेड पुढच्या वेळी नवी मेमरी मागायला आला की त्याला मर्यादा ओलांडल्याचे आढळते, तो रनटाइमकडे, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेकडे, वळतो आणि तेथे त्याचा ताबा काढून घेतला जातो. मेमरी मागण्याची जागा हाच सुरक्षित बिंदू. त्या क्षणी थ्रेडची सारी मांडणी नीट लावलेली असते, म्हणून ही योजना स्वस्त आणि देखणी आहे. हॅस्केलचे बहुतेक प्रोग्राम सतत थोडीथोडी मेमरी मागत असल्याने ती चालतेही उत्तम.

पण समजा, एक थ्रेड फक्त आकडे फिरवत बसला आहे आणि नवी मेमरी मागतच नाही. त्याच्या वाटेत तपासणीची जागाच येत नाही. घड्याळ खूण करत राहते, तो ती पाहत नाही. एवढ्यावर भागत नाही. वापरून झालेली मेमरी गोळा करण्याच्या वेळी सर्व थ्रेडना एकत्र थांबावे लागते. बाकीचे थांबतात आणि या एकाची वाट पाहत राहतात. चार प्रोसेसर असलेल्या यंत्रावर तीन रिकामे बसतात, कारण चौथ्यावरचा थ्रेड कोणाकडे काही मागत नाही म्हणून कोणाला उत्तरही देत नाही.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याला काही नको तो निर्दोष, अशी आपल्या परंपरेत एक सहज धारणा आहे. अपरिग्रह हे व्रत आहे आणि निःसंगता हे भूषण आहे. पण जीएचसीच्या या उदाहरणात जबाबदारी मागणीला बांधलेली आहे. जो मागतो तोच तपासला जातो, आणि जो मागत नाही तो सर्वांची सामाईक जागा अडवूनही तपासणीबाहेर राहतो. यातील चूक थ्रेडची नाही. जबाबदारी गरजेला बांधण्याच्या नियमाची ती चूक आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रहाचा विचार नेमका येथे लागू पडतो. ज्याला स्वतःसाठी काही मिळवायचे उरलेले नाही, त्यालाही लोकांसाठीचे कर्तव्य सुटलेले नाही, असे तेथे सांगितले आहे. वेळ घेणे हेही घेणेच आहे, आणि त्याचाही हिशेब द्यावा लागतो.

हा दोष दूर करण्याचे मार्ग वेगवेगळ्या भाषांनी शोधले. जीएचसीला विशेष सूचना दिली तर तो फंक्शनच्या सुरुवातीला मेमरी न मागणाऱ्या ठिकाणीही तपासणी घालतो. ओकॅमल या भाषेत 2022 मध्ये आलेल्या 4.14 या आवृत्तीपासून कंपायलर आवर्तनांमध्ये स्वतः तपासणीचे बिंदू पेरतो. गो ही भाषा फंक्शनल नाही, पण तिलाही हाच त्रास होता. फेब्रुवारी 2020 च्या 1.14 या आवृत्तीपासून तिने ऑपरेटिंग सिस्टिमच्या संकेताने बाहेरून थांबवण्याची सोय केली.

सर्वांत सरळ नियम एर्लँगचा आहे. ही भाषा एरिक्सन कंपनीत 1986 च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवली. हजारो संभाषणे चालू असताना एकाच्या गणितासाठी बाकीच्यांनी ताटकळणे तेथे परवडणारे नव्हते. एर्लँगमध्ये प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे तिथल्या थ्रेडला, पावलांचा ठरावीक शिधा मिळतो. अलीकडच्या आवृत्त्यांत तो सुमारे 4000 पावलांचा आहे. फंक्शनला दिलेली प्रत्येक हाक एक पाऊल मोजली जाते. या भाषेत आवर्तनाचे वेगळे वाक्य नाही. पुन्हा पुन्हा करायचे काम फंक्शनने स्वतःलाच हाक मारून होते, म्हणून न मोजलेले पाऊल उरतच नाही. मागणारा आणि न मागणारा असा भेद येथे नाही. चालणे हीच मोजणी.

तरीही एक फट राहते. एर्लँगच्या प्रोसेसने सी भाषेत लिहिलेले परके काम बोलावले की त्यातली पावले मोजता येत नाहीत. अशा कामाने साधारण 1 मिलिसेकंदात परत यावे, असा एर्लँगच्या अधिकृत मार्गदर्शनाचा दंडक आहे. ते परतले नाही तर शेड्युलर अडकतो. कोणत्याही नियमव्यवस्थेची परीक्षा तिच्या सीमेवर होते, हे येथे पुन्हा दिसते.

न तोडण्याच्या जागा

कोठे थांबवावे या प्रश्नाची दुसरी बाजू कोठे थांबवू नये ही आहे. एका खात्यातून रक्कम वजा झाली आहे आणि दुसऱ्यात अजून जमा व्हायची आहे, अशा क्षणी थ्रेड मारला गेला तर पैसे हवेत राहतात. हॅस्केलमध्ये एक थ्रेड दुसऱ्याला केव्हाही बाहेरून खंडित करू शकतो. या सोयीचे पद्धतशीर विवेचन 2001 मध्ये सायमन मार्लो, पेटन जोन्स, अँड्र्यू मोरन आणि जॉन रेपी यांनी केले. त्यात नाजूक तुकड्यापुरते बाहेरचे खंडन रोखून धरण्याची तरतूद आहे. रोखलेले खंडन नाहीसे होत नाही. ते दारात थांबते आणि तुकडा संपताच आत येते.

धर्मशास्त्राने हाच प्रश्न सुतकाच्या संदर्भात सोडवला आहे. घरात मृत्यू झाला की सुतक लागते आणि मंगल कार्ये थांबतात. हे बाहेरून येणारे खंडन आहे, त्याला कोणाची संमती लागत नाही. पण आरंभ झालेल्या कार्याला सुतक बाधत नाही, असा नियम आहे. मग आरंभ केव्हा झाला म्हणायचे? येथे शास्त्रकारांनी मोघम बोलून सोडले नाही. यज्ञात ऋत्विजांचे वरण झाले की आरंभ, व्रतात आणि जपात संकल्प झाला की आरंभ, विवाहात नांदीश्राद्ध झाले की आरंभ, श्राद्धात स्वयंपाकाला हात लागला की आरंभ. मांडवात पाहुणे जमले आहेत, मुलीला हळद लागली आहे आणि दूरच्या नात्यातून निरोप येतो, अशा वेळी नांदीश्राद्ध झाले का, हाच पहिला प्रश्न मराठी घरांत आजही विचारला जातो.

या संरक्षणालाही मर्यादा आहे. नांदीश्राद्ध हवे तितके आधी उरकून ठेवता येत नाही. यज्ञापूर्वी 21 दिवस, विवाहापूर्वी 10, मुंजीपूर्वी 6 आणि चौलापूर्वी 3 दिवस, अशी कमाल मुदत निबंधकारांनी घातली आहे. अशा निबंधांपैकी कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधु 1612 मधला आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी 1790 च्या सुमारास रचलेला धर्मसिंधु महाराष्ट्रात या बाबतीत आजही आधार म्हणून काढला जातो. या ग्रंथांची जात, अशौच आणि अधिकार यांविषयीची मते आज जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत आणि स्वीकारूही नयेत. पण खंडनाच्या प्रश्नावर त्यांनी बसवलेली चौकट पक्की आहे. न तोडण्याच्या तुकड्याची सुरुवात सर्वांना दिसणारी असावी, त्याची मुदत ठरलेली असावी, आणि तो संपल्यावर थांबलेले कर्तव्य पुन्हा लागू व्हावे. हॅस्केलच्या तज्ज्ञांचा सल्ला वेगळा नाही : रोखण्याचा तुकडा शक्य तितका छोटा ठेवा. त्या भाषेने आणखी एक बारीक भेद केला आहे. रोखलेल्या तुकड्यातही थ्रेड दुसऱ्या कशाची वाट पाहत अडकला असेल तर त्याला खंडित करता येते. संरक्षण काम करण्याला आहे, नुसते अडून बसण्याला नाही.

संरक्षित तुकडा चुकीच्या हाती लांबला तर काय होते, याचा धडा मंगळावर मिळाला. 4 जुलै 1997 रोजी उतरलेले पाथफाइंडर यान काही दिवसांनी वारंवार आपोआप पुन्हा सुरू होऊ लागले. हवामानाची नोंद घेणाऱ्या कमी महत्त्वाच्या कामाने एक सामाईक कुलूप धरले होते. तेवढ्यात मधल्या महत्त्वाच्या कामांनी त्याचा ताबा काढून घेतला. कुलपाची वाट पाहणारे सर्वांत महत्त्वाचे काम त्यामुळे अडकले, आणि देखरेख करणाऱ्या घड्याळाने यान पुन्हा सुरू केले. तो प्रोग्राम फंक्शनल भाषेत नव्हता, पण दोष सर्व समवर्ती रचनांना सामाईक आहे. पृथ्वीवरून धाडलेल्या दुरुस्तीने नियम असा बदलला की कुलूप धरणाऱ्याला, ते सोडीपर्यंत, वाट पाहणाऱ्याचे महत्त्व उसने मिळावे. ज्याच्या हाती सर्वांची किल्ली आहे त्याचे काम क्षुल्लक म्हणून बाजूला सारता येत नाही, हा त्याचा अर्थ.

अर्ध्यावर राहिलेल्याचे काय

तिसरा प्रश्न अर्जुनाने विचारला आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात तो म्हणतो की योगाच्या वाटेवर श्रद्धेने निघालेला पण मध्येच ढळलेला माणूस दोन्हीकडून तुटून फाटलेल्या ढगासारखा नाहीसा होत नाही ना? कृष्णाचे उत्तर असे की त्याचा नाश नाही. तो पुन्हा जन्मतो, पूर्वीच्या देहात मिळवलेली बुद्धी त्याला परत मिळते आणि तेथून पुढे तो प्रयत्न करतो. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाचे सविस्तर वर्णन करून हे आश्वासन मराठीत पोचवले.

न्यायसूत्रांतही हाच धागा आहे. समाधीच्या अभ्यासाने तत्त्वज्ञान होते, या म्हणण्यावर आक्षेप येतो की काही विषय इतके प्रबळ असतात, आणि भूक-तहान यांसारख्या गरजा इतक्या जोरदार असतात, की समाधी टिकूच शकत नाही. सूत्रकार हे नाकारत नाही. पूर्वी केलेल्या अभ्यासाचे फळ साठून राहते आणि त्याच्या बळावर समाधी पुन्हा साधते, असे तो म्हणतो. शिवाय अरण्य, गुहा, नदीचे वाळवंट अशा जागी अभ्यास करावा असे सांगतो. म्हणजे खंड पडणारच, हे मान्य करून दोन उपाय दिले आहेत : झालेले काम जपून ठेवणे आणि खंड कमी पडेल अशी जागा निवडणे.

जीएचसीने शुद्ध गणनासाठी हाच पहिला उपाय योजला आहे. हॅस्केलमध्ये एखादी राशी गरज पडेपर्यंत सोडवली जात नाही आणि एकदा सोडवली की तिचे उत्तर सर्वांसाठी राहते. अशी सामाईक राशी सोडवत असतानाच एखादा थ्रेड बाहेरून मारला गेला, तर झालेले काम फेकले जात नाही. गणन जेथे पोचले त्या अवस्थेत गोठवून त्या राशीतच ठेवले जाते. पुढे दुसऱ्या कोणत्याही थ्रेडला ती राशी लागली की तो तेथून पुढे जातो. गीतेच्या चित्रात आणि यात एक फरक आहे. गीतेत पुढे जाणारा तोच साधक असतो. येथे पहिला कर्ता संपलेला असतो आणि उरते ते काम. नित्य आत्मा न मानता क्षणांच्या संतानातून, म्हणजे साखळीतून, सातत्य सांगणाऱ्या बौद्ध विचाराशी हे अधिक जुळते. कर्ता तोच असला पाहिजे असे नाही, अवस्थेचा वारसा न तुटणे पुरेसे आहे.

जगात बदल घडवणाऱ्या कृतीला मात्र गोठवणे चालत नाही, कारण अर्धी झालेली कृती इतरांना दिसते आणि फसवते. तेथे दुसरा मार्ग घ्यावा लागतो. 2005 मध्ये टिम हॅरिस, मार्लो, पेटन जोन्स आणि मॉरिस हर्लिही यांनी हॅस्केलसाठी मांडलेल्या व्यवहारपद्धतीत मेमरीतील बदलांचा एक गट पूर्ण झाला तरच सर्वांना दिसतो. मध्ये बाहेरून खंडन आले तर सगळे बदल टाकून दिले जातात, आणि दुसऱ्याशी टक्कर झाली तर ते टाकून पहिल्यापासून सुरुवात होते. पूर्वमीमांसेची भूमिका याच्या जवळची आहे. जैमिनीच्या मतानुसार काम्य कर्मही एकदा आरंभले की पूर्ण केलेच पाहिजे, मध्ये इच्छा ओसरली तरी. अर्धा यज्ञ म्हणजे अर्धे फळ, असा हिशेब तेथे नाही.

या दोन उत्तरांत विरोध नाही, कारण त्यांचे विषय वेगळे आहेत. जाणण्याचे काम अर्ध्यावर राहिले तर ते जपून ठेवावे. त्यातले काही वाया जात नाही. करण्याचे काम अर्ध्यावर राहिले तर ते पूर्ण करावे किंवा पूर्ण मागे घ्यावे. अर्धे ठेवणे हाच दोष. फंक्शनल प्रोग्रामिंगने ही रेघ भाषेच्या व्याकरणातच आखली, म्हणून त्या परंपरेत प्रीएम्प्शनचा प्रश्न इतरांपेक्षा अधिक स्पष्टपणे मांडता आला आणि बऱ्याच अंशी सोडवताही आला.

थांबवले जाणे हा कोणत्याही कामाचा अपमान नाही. सामाईक साधनांवर जगणाऱ्या प्रत्येकासाठी ती सहजीवनाची अट आहे, आणि ज्याला कोणाकडून काही नको त्यालाही ती लागू आहे. पण थांबवण्याचा अधिकार सांधा ओळखण्याच्या जबाबदारीसह येतो. जी व्यवस्था कोणालाही थांबवू शकत नाही ती एका अडलेल्याच्या मागे सर्वांना अडवते, आणि जी कोठेही थांबवते ती काहीच धड पुरे होऊ देत नाही. म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्याने आपल्या कामातले सांधे स्वतः घडवावेत, न तोडण्याचे तुकडे छोटे आणि दिसतील असे ठेवावेत, आणि खंड पडेलच असे धरूनच रचना करावी.